गोव्यातल्या छोट्या शेतीसाठी जुना ट्रॅक्टर घेताना: गडग्याच्या कवाडापासून आरसी बुकापर्यंत

गोव्यात जमीन एकरात कोणी सांगत नाही, चौरस मीटरमध्ये सांगतात. माझी सत्तरी तालुक्यात सगळी मिळून नऊ हजार मीटर आहे, म्हणजे सव्वादोन एकरांच्या आसपास. त्यात साडेतीन हजार मीटर भातशेत, थोडे माड, उतारावर काजू आणि ओहोळाच्या कडेला आजोबांच्या वेळचे कुळागर, म्हणजे पोफळीची मिश्र बाग. नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी करायची ही शेती. एवढ्यासाठी नवा ट्रॅक्टर परवडत नाही आणि मिरग (मृग) लागला की भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही. ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात दहाजण आधीच उभे असतात. म्हणून जुना घ्यायचा, असा विचार माझ्यासारखे बरेचजण करतात.

मी आजवर दोन जुने ट्रॅक्टर घेतले. पहिला घाटावरून आणला होता, बेचाळीस एचपीचा, इंजिन खणखणीत. तरी दोन हंगामांत विकावा लागला, कारण माझ्या जमिनीत तो मावतच नव्हता. कवाडातून आत घ्यायला गडग्याचे चिरे काढावे लागले, शेजाऱ्याच्या शेतातून जाताना त्यांची मेर (बांध) ढासळली आणि ऐन चिखलणीत मागची चाके धुरीपर्यंत रुतली. दुसरा चोवीस एचपीचा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा. तो सहा हंगाम माझ्याकडे आहे आणि अजून एकदाही ओढून काढावा लागलेला नाही. दोन्ही वेळा ट्रॅक्टर तपासला होता. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी आधी जमीन तपासली.

टेप घेऊन आधी शेतात जा

सगळ्यात अरुंद जागा शोधा. ती कवाडाची असेल, दोन घरांमधल्या वाटेची असेल, नाही तर साकवाची. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर मागच्या टायरच्या बाहेरून बाहेर मोजला तर सहा फुटांच्या जवळ जातो आणि त्याच्या मागे रोटरही (माती भुसभुशीत करणारे फिरत्या पात्यांचे अवजार) तेवढाच रुंद. मिनी ट्रॅक्टर तीन ते चार फुटांत बसतो. मोजलेल्या जागेतून दोन्ही बाजूंना निदान एकेक वीत सुटली पाहिजे, कारण पावसात चाक सरळ रेषेत चालत नाही, सरकते.

मग झाडांमधले अंतर. माड साडेसात मीटरवर लावलेले असतील तर खोडापासून दोन-दोन मीटर मुळांसाठी सोडूनही मध्ये साडेतीन मीटरचा पट्टा उरतो. तिथे मिनी आरामात फिरतो. काजूच्या सात-आठ मीटरच्या ओळींतही अडचण नाही, फक्त खाली लोंबणाऱ्या फांद्या डोक्याला लागतात, तेवढ्या आधी छाटून घ्या. सुपारीचे अंतर मात्र २.७ मीटर. कागदावर तीन फुटांचा ट्रॅक्टर त्यातून जातो, पण जुन्या कुळागरात पोफळी ओळीत कुठे असतात? मध्ये केळी, मिऱ्याचे वेल, पाण्याचे पाट, मळ्यांच्या पायऱ्या. पोफळीच्या खोडाला एकदा चाकाने साल गेली की ती जखम भरत नाही. माझे स्पष्ट मत आहे की जुन्या कुळागरासाठी ट्रॅक्टर घेऊच नये. तिथे गवत काढायचे यंत्र आणि हातगाडी पुरे.

भातशेतात रुंदीपेक्षा वजन महत्त्वाचे. पाऊस पडून गेल्यावर चपला काढून शेतात उभे राहा. पाय घोट्यापर्यंत जात असेल तर बहुतेक ट्रॅक्टर चालतील. पोटरीपर्यंत जात असेल तर हलका फोर बाय फोर हवा, मागे लोखंडी केज व्हील, म्हणजे पिंजऱ्यासारखी चाके, लावून. गुडघ्यापर्यंत जाणारे शेत, विशेषतः बांधाच्या आतले खाजन, म्हणजे खाडीकाठची खारी जमीन, हे ट्रॅक्टरचे शेत नव्हे. तिथे पॉवर टिलर घ्या, बारा-तेरा एचपीचे कॅम्को किंवा व्हीएसटीचे. खाजनातल्या खाऱ्या चिखलाने लोखंड किती लवकर खाल्ले जाते हे कोरगुट (खाजनातले भात) पिकवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. पंचेचाळीस एचपीचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो आणि मिनी सहाशे ते नऊशे किलोपर्यंत. दीड फुटाच्या मेरेवरून यातले काय जाईल हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

आणि आपल्याकडे शेताला वाट नसते. पहिल्याच्या शेतातून दुसऱ्याच्या, तिथून तिसऱ्याच्या, असे जावे लागते. वाटेतल्या शेजाऱ्यांची पेरणी किंवा लावणी कधी होते ते विचारून ठेवा. माझ्या पुढचे काका वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) लावणी माझ्या आठ दिवस आधी करतात, म्हणून माझा ट्रॅक्टर त्यांच्या आधी आत जातो आणि काम संपवूनच बाहेर येतो.

खरंच लागतो का, हे तासांत मोजा

चार फुटी रोटर, ताशी अडीच किलोमीटरचा वेग, वळणे आणि एकावर एक येणारे पट्टे धरले तर तासाला दोन हजार मीटर नांगरून होते. माझे साडेतीन हजार मीटर शेत तीन वेळा फिरवायला पाच-सहा तास. एवढेच! सरदाचे (पावसाळी भाताचे) सहा तास आणि वायंगणाचे सहा. फक्त भातासाठी कोणी ट्रॅक्टर घेत असेल तर मी त्यांना हात जोडून सांगेन की घेऊ नका, शेजारी चारजण मिळून भाड्याचे आधी ठरवा. माझ्याकडे तो चालतो कारण माडातली मशागत, नारळ आणि शेण वाहणे, काजूखालची सफाई आणि फवारणीचा पंप ही कामेही त्याच्यावरच आहेत. वर्षाला ऐंशी-नव्वद तास होतात. पन्नासच्या खाली जाणार असतील तर पॉवर टिलरच बरा.

किती एचपी, कोणता

रोटर हाच इथला मुख्य अवजार, म्हणून त्याच्यावरून मागे हिशेब करा. पंधरा ते अठरा एचपीला तीन-साडेतीन फुटी रोटर, चोवीस-सत्तावीसला चार फुटी, पस्तीसला पाच फुटी. नऊ-दहा हजार मीटरच्या जागेला चोवीसच्या वर जाण्याचे कारण मला दिसत नाही.

जुन्या बाजारात या मापाचे जे भेटतात त्यांत महिंद्रा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा एचपीचे, एका सिलिंडरचे. साधे, दुरुस्तीला सोपे, पण एक सिलिंडर म्हटले की थरथर आली. नटबोल्ट ढिले होतात, म्हणून तपासताना ब्रॅकेट आणि मडगार्डच्या भेगा बघायच्या. मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी साडेअठरा एचपीचा, तीन सिलिंडरचा. तो टू व्हील आणि फोर व्हील दोन्हींत मिळतो, तेव्हा कोणता ते खाली वाकून बघा. चोवीसमध्ये कुबोटा निओस्टार बी२४४१ आणि महिंद्रा जिवो २४५, दोन्ही फोर बाय फोर. जिवो २०१७ मध्ये आला, त्यामुळे कोणी त्याहून जुने मॉडेल म्हणून दाखवत असेल तर आरसी बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

या मापाचे इंजिन साध्या पंपाचे असते, त्यात इलेक्ट्रॉनिक भानगड नाही. गावातला मेकॅनिक ते उघडू शकतो, ही जुन्या घेणाऱ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे. एचएमटीचे जुने ट्रॅक्टर मजबूत होते, स्वस्तही मिळतात, पण कंपनीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. आता पार्टसाठी जुन्या भंगारात शोधत फिरावे लागते, आणि शनिवार-रविवारी शेती करणाऱ्याला त्यासाठी वेळ कुठून मिळणार?

पसंती ठरवण्याआधी म्हापसा, फोंडा किंवा बेळगाव, जे तुम्हाला जवळ पडेल तिथल्या पार्टच्या दुकानात फोन करा. त्या मॉडेलची क्लच प्लेट, वॉटर पंप आणि हायड्रॉलिक पंपाचे सील किट, या तीन वस्तूंचा भाव आणि किती दिवसांत मिळतील ते विचारा. आकडे वहीत लिहा, घासाघीस करताना लागतात. "मागवायला लागेल, बघूया," असे उत्तर आले तर ते मॉडेल माझ्या यादीतून जाते.

आधी त्याने काय केले आहे ते ओळखा

बेळगाव, चंदगड, गडहिंग्लजकडून येणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरने बहुधा ऊस ओढलेला असतो. दोन-दोन ट्रॉल्या भरून. असे इंजिन चांगले असू शकते, पण क्लच, ब्रेक आणि मागचा क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना फिरवणारी गिअरची जोडी) थकलेला असतो. मागच्या हुकाचे भोक गोल राहिले आहे की लांबट झाले आहे ते बोट घालून बघा. लांबट असेल तर ओझे ओढले आहे, मालक काहीही सांगो.

आपल्या गोव्यातल्या ट्रॅक्टरची कहाणी वेगळी असते. काहींनी पाण्याचे टँकर ओढलेले असतात, काहींनी चिरेखाणीतून चिरे वाहिलेले. सगळ्यात फसवा कॉम्प्रेसरवाला, म्हणजे हवेचा कॉम्प्रेसर चालवायला वापरलेला. तो एका जागी उभा राहून दिवसभर इंजिन चालवतो. टायर नव्यासारखे, गिअर घट्ट, आणि इंजिन मात्र संपलेले. चॅसीला जादा पाडलेली भोके किंवा वेल्डिंगने लावलेले पट्टे दिसले की हे विचाराच.

शेतात चाललेल्या ट्रॅक्टरची खूण पायाखाली सापडते. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचे रबर, सीटची कड, स्टिअरिंगचा रंग. तास दाखवणारा मीटर बाराशे सांगतो आणि पेडल चकचकीत लोखंडापर्यंत झिजलेले असेल, तर पेडलवर विश्वास ठेवा. मीटर बंद असेल तर मी तो निदान चार हजार तासांचा धरून बोलणी करतो.

घ्यायची वेळ ऑगस्ट. मे महिन्यात सगळेच शोधत असतात आणि भाव चढलेला असतो. लावणी आटोपली की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर असते आणि विकणाऱ्याला पैसे हवे असतात. शिवाय पावसातला ट्रॅक्टर काही लपवू शकत नाही. ओल्या हवेत सेल्फ (स्टार्टर) घेतो का, वायरिंग शॉर्ट होते का, सीलमधून पाणी आत जाते का, हे सगळे तेव्हाच कळते.

बघायला जाताना

फोनवर एकच अट घालायची: आम्ही येईपर्यंत ट्रॅक्टर सुरू करू नका. गेल्या गेल्या माझा मेकॅनिक बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवतो. गेल्या खेपेला एका ठिकाणी सकाळी साडेसातला पोचलो, मालक नुकते तोंड धुवून बाहेर येत होते, आणि बॉनेट कोमट. मेकॅनिक हळू आवाजात म्हणाला, "भाई, चहा घेऊया आणि जाऊया." थंड सुरू होत नसेल म्हणूनच कोणी तरी पहाटे उठून तो सुरू करून ठेवला होता. आम्ही चहा घेतला आणि परत फिरलो.

थंड असेल तर सुरू करण्याआधी तीन गोष्टी. रेडिएटरचे झाकण उघडा: पाण्यावर तेलाचा तवंग नको, गंजाचा लाल चिखल नको. डिपस्टिक काढा: तेल काळे असले तर चालेल, दुधाळ असेल तर पाणी तेलात जाते आहे आणि हेड उघडावे लागणार. डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी साचले आहे का बघा. आपल्याकडे अर्धी टाकी रिकामी ठेवून ट्रॅक्टर चार महिने उभा असतो, आतल्या आत पाणी सुटते आणि पंप गंजतो.

आता सेल्फ मारा. दोन-तीन फेऱ्यांत घेतला पाहिजे. पहिला धूर पांढरा असला तरी मिनिटभरात जायला हवा. गेला नाही तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. काळा धूर जोर दिल्यावर थोडा येतोच, सारखा येत असेल तर एअर क्लीनर किंवा नोझल, म्हणजे भागणारा खर्च. निळसर धूर येत असेल तर इंजिन तेल पिते आहे. रिंगा, लायनर, कदाचित सगळे इंजिन. मग तेल भरायचे झाकण उघडून त्यावर तळहात धरा. थोडा फुफाटा लागेल, तो चालतो. पण हात ढकलला जात असेल आणि तळहातावर तेलाचे तुषार बसत असतील तर रिंगा गेल्या आहेत. पंधरा मिनिटे चालू ठेवून ऑइल प्रेशरचा काटा किंवा दिवा पुन्हा बघायचा. थंड असताना सगळ्यांचेच प्रेशर चांगले असते.

क्लचसाठी ट्रॅक्टर मोकळ्या जागेत घ्या, पुढे कोणी उभे राहू देऊ नका. ब्रेक दाबून वरचा गिअर टाका, हळू रेस ठेवून क्लच सोडा. इंजिन बंद पडले पाहिजे. ते चालतच राहिले तर प्लेट घसरते आहे. प्लेटची किंमत फार नसते, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत तोडावा लागतो आणि मजुरी तिथे जाते. प्रत्येक गिअरमध्ये चालवा, उतारावर गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडा. गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्सचे काम आहे.

दोन ब्रेक स्वतंत्र असतात, चिखलात वळण्यासाठी. डावा आणि उजवा वेगवेगळा दाबून बघा, मग दोन्ही पेडल जोडणारी खिटी जागेवर आहे का ते बघा. रस्त्यावर ती लावलीच पाहिजे. एकच ब्रेक लागून ट्रॅक्टर उलटतो, तो कसा उलटला हे सांगायला माणूस उरत नाही. ही खिटी हरवलेले ट्रॅक्टर मला सर्रास दिसतात आणि प्रत्येक वेळी जीव घाबरतो.

हायड्रॉलिक रिकाम्या हातांनी तपासता येत नाही. रोटर लावायला सांगा, तो वर उचला, इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. पंधरा-वीस मिनिटांत थोडा खाली आला तर ठीक, दोन मिनिटांत जमिनीला टेकला तर सील गेले. इंजिन चालू असताना उचललेला रोटर उचकी लागल्यासारखा वर-खाली होत असेल तर तेही आतल्या गळतीचे लक्षण. पीटीओ, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या अवजाराला देणारा शाफ्ट, जोडून रोटर फिरवा, आवाज ऐका, आणि शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण आहे की नाही ते बघा. नसेल तर घरी नेण्याआधी घ्यायचे. लुंगी किंवा साडीचा पदर त्या फिरत्या शाफ्टात अडकायला एक क्षण पुरतो.

पुढचे चाक जॅकने उचलून हलवा. आडवे हलले तर स्टिअरिंगचे सांधे, उभे हलले तर किंगपिन किंवा बेअरिंग. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, ब्रेकजवळ, तेलाने माखलेली धूळ असेल तर ॲक्सलचे सील गेले आहे. केज व्हील लावून बरीच वर्षे चाललेल्या ट्रॅक्टरमध्ये हे हमखास सापडते.

टायरच्या नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीतल्या भेगा आणि रिम बघा. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेले असते, ते व्हॉल्व्हमधून झिरपते आणि रिम आतून सडते. व्हॉल्व्हच्या भोवती चावीने ठोका. खपली निघाली तर नवी रिम धरून हिशेब करा. खाजनात वापरलेल्या ट्रॅक्टरमध्ये मी हे सर्वात आधी बघतो.

फोर बाय फोरची खास तपासणी

ही मी पहिल्या वेळी केली नसती, कारण कोणी सांगितलीच नव्हती. पेडणे तालुक्यात एक सुंदर दिसणारा ट्रॅक्टर बघायला गेलो होतो. इंजिन एका फेरीत घेतले, धूर नाही, रंग कंपनीचाच. माझे मन जवळजवळ ठरले होते. मेकॅनिक मात्र पुढच्या चाकामागे आडवा झाला आणि पुढच्या ॲक्सलच्या तळाचा ड्रेन बोल्ट अर्धा सैल केला. खाली काचेची बाटली धरली. आधी तेल यायला हवे होते. आले ते राखाडी, गढूळ पाणी, बाटलीचा चौथा भाग भरेल एवढे, आणि त्यामागून कॉफीच्या रंगाचे तेल. चिखलणीत सीलमधून शिरलेले पाणी दोन-तीन हंगाम आत बसले होते. त्याने बाटली उन्हात धरून हलवली तेव्हा तळाला बारीक चमकणारा चुरा दिसला. तो आतल्या गिअरच्या दातांचा चुरा होता. मालकालाही हे ठाऊक नव्हते, त्यांचा चेहरा पडला. आम्ही भाव विचारलाच नाही.

तेव्हापासून बोल्ट सैल केल्याशिवाय मी फोर बाय फोर घेऊ देत नाही. विकणारा नको म्हणाला तर तेल मी नवे भरून देतो म्हणायचे. तरीही नको म्हणाला तर दुसरा बघायचा.

दुसरे, पुढचे टायर कंपनीच्याच मापाचे हवेत. पुढची आणि मागची चाके गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. माप चुकले की दोघे एकमेकांशी झगडत राहतात आणि मधला शाफ्ट झिजतो. टायरवरचा आकडा लिहून घ्या आणि दुकानात विचारा. फोर व्हील टाकून चिखलात किंवा मऊ मातीत चारही चाके फिरतात का ते बघा, आणि मग लिव्हर मोकळी होते का तेही बघा. डांबरी रस्त्यावर ती मोकळीच ठेवायची.

कागद

घाई इथे महागात पडते. आरसीवरचा चॅसी आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष लोखंडावरच्या नंबराशी जुळवा, रंग खरवडून का होईना. एम परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून बँकेचा बोजा आहे का बघा. बोजा असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपत आली असेल तर नूतनीकरण कोण करणार हे आधी ठरवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

महाराष्ट्र किंवा कर्नाटकाचा नंबर असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला), म्हणजे फॉर्म २८, विकणाऱ्यानेच काढून द्यायला सांगा. बाहेरचा नंबर बारा महिन्यांच्या वर इथे चालवता येत नाही, जीए नंबर घ्यावाच लागतो. माझा पहिला ट्रॅक्टर आणताना एनओसीसाठी मी चोर्ला घाट चार वेळा चढलो-उतरलो, कारण पैसे आधी देऊन मोकळा झालो होतो.

ट्रॅक्टर सरकारी अनुदानातून घेतलेला आहे का हेही विचारा. अशा यंत्रांना ठरावीक वर्षे न विकण्याची अट असू शकते आणि ती पुढे तुमच्या गळ्यात येते.

भाव

आधी त्याच मॉडेलच्या नव्या ट्रॅक्टरचा आजचा भाव घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला, त्यामुळे त्याआधी नवा घेतलेला मालक आपल्या जुन्या बिलाचा आकडा सांगत बसला तरी तो आता धरायचा नाही. मग वहीतले पार्टचे भाव काढा, सापडलेल्या दोषांसमोर ते मालकासमोरच लिहा आणि बेरीज त्यांच्याकडे द्या. ओरडून घासाघीस करण्यापेक्षा हा कागद जास्त काम करतो, आणि समोरच्याचा मानही राहतो. रोटर, केज व्हील, टॉप लिंक आणि हुक सोबत मिळणार का हे इसार देण्याआधी लिहून घ्या. केज व्हील वेगळी करून घ्यायला गेलात तर बराच खर्च येतो, आणि दुसऱ्या मॉडेलची बसत नाहीत.

इसार थोडाच द्या, उरलेले पैसे बँकेतून, कागद हातात आल्यावर.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

मागचा मालक कितीही चांगला असो, सगळी तेले बदला: इंजिन, गिअरबॉक्स-हायड्रॉलिक, पुढचा ॲक्सल. डिझेल, ऑइल आणि एअर फिल्टर नवे. एअर क्लीनर तेलाच्या वाटीचा असेल तर तळाचा चिखल काढून नवे तेल. फॅनचा पट्टा आणि रेडिएटरचे पाइप दाबून बघा, कडक वाटले तर बदला. प्रत्येक ग्रीसच्या निपलला ग्रीस पंप लावा, जुना चिखल बाहेर पडून स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत. सीटखाली आणि बॅटरीच्या पेटीत उंदरांनी घर केलेले असते, तिथली वायर तपासा.

पहिल्या दिवशी चिखलात नेऊ नका. कोरड्या माडात दोन तास चालवा, थांबा, खाली वाकून थेंब शोधा. जांभ्या मातीत आधी फण फिरवून दगड वर काढा आणि मगच रोटर घाला, नाहीतर पहिल्याच दिवशी पाती वाकतील. चिखलात रुतलाच तर मागच्या चाकांना ओंडका बांधून बाहेर काढायचा प्रयत्न अजिबात करू नका. चाक अडकते, इंजिन पुढून वर उचलते आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर उलटतो. रोटर वर घ्या, केज व्हीलच्या पुढचा चिखल फावड्याने मोकळा करा, मागे घ्या. नाही निघाला तर दुसरा ट्रॅक्टर येईपर्यंत तिथेच राहू द्या, आणि दोरी खालच्या हुकालाच लावा.

काम संपले की गोड्या पाण्याने धुवायचा, खाजनाच्या बाजूला असाल तर त्याच संध्याकाळी. डिझेलची टाकी भरूनच उभा करायचा. मडगार्डच्या आतल्या बाजूला मी पांढऱ्या रंगाने तेल बदलल्याची तारीख आणि मीटरचे तास लिहितो. वही घरी राहते, मडगार्ड ट्रॅक्टरबरोबरच असते.